जीवाणू खातात खरे; पण काय, किती आणि कुठे?

दर काही महिन्यांनी वर्तमानपत्रात एक ठरावीक साच्याची बातमी वाचायला मिळते. कुठल्यातरी प्रयोगशाळेत प्लास्टिक, किंवा प्लास्टिकमधले घातक द्रव्य, ‘खाणारा’ जीवाणू सापडलेला असतो. तीन किंवा पाच दिवसांत नव्वदहून अधिक टक्के प्रदूषक त्याने फस्त केलेले असते. बातमीच्या शेवटी, यामुळे प्लास्टिकच्या प्रदूषणाचा प्रश्न सुटण्याची आशा निर्माण झाली आहे, असे एक वाक्य असते. हे कात्रण शाळेच्या फलकावर लागते आणि पुढे तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात त्याचे मॉडेल मांडले जाते. थर्माकोलचा डोंगर, हिरव्या रंगाचे जीवाणू आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘प्लास्टिकमुक्त भारत’.

या बातम्या खोट्या असतात असे आमचे म्हणणे नाही. बहुतेक वेळा मूळ प्रयोग प्रामाणिकपणे केलेला असतो आणि त्याचे निष्कर्षही त्याच्या चौकटीत बरोबर असतात. आमची टीका आहे ती प्रयोगशाळेतल्या चंबूपासून बातमीपर्यंत आणि बातमीपासून वर्गापर्यंतच्या प्रवासात जे गळून पडते त्यावर. ही टीका बाहेरून केलेली नाही. संशोधन हाच आमचा व्यवसाय आहे आणि हे गळणे पुष्कळदा आमच्याच व्यवसायात, शोधनिबंधाच्या सारांशातच, सुरू होते.

याने बिघडते काय, असे कोणी विचारील. तीन गोष्टी बिघडतात. पहिली, जीवाणू सगळे खाऊनच टाकणार असतील तर वापर कमी करण्याचे आणि कचरा वेगळा ठेवण्याचे कारणच उरत नाही. दुसरी, कचऱ्यावर शिंपडायची कसलीशी भुकटी घेऊन कोणी ग्रामपंचायतीच्या दारात उभा राहिला, तर त्याला नेमके काय विचारायचे हे कोणालाच ठाऊक नसते. तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘पुरावा’ कशाला म्हणायचे, हे शिकण्याची संधी विद्यार्थ्याच्या हातून निसटते.

म्हणून येथे आपण एकच प्रकरण तपशिलाने तपासू या. प्लास्टिक नरम करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या थॅलेट या संयुगांचे जीवाणूंकडून होणारे विघटन, हे ते प्रकरण. तपासणीसाठी जागाही नेमकी घेऊ : अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना पेढी नदीच्या काठी लागणारे वलगाव. याच परिसरात, पेढीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांचे निधन झाले. दिवसा खराटा चालवायचा आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांना एकामागून एक प्रश्न विचारायचे, ही त्यांची रीत होती. स्वच्छतेच्या दाव्याला प्रश्न विचारण्याची सवय या मातीला नवी नाही.

आधी वस्तू ओळखू या

पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी, मुळात कडक आणि ठिसूळ असते. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने ते विशिष्ट द्रवांत गरम करून रबरासारखे लवचीक केले. अशा द्रवांना प्लास्टिसायझर म्हणतात. पीव्हीसीच्या लांब रेणूंच्या मधे हे लहान रेणू शिरतात आणि लांब रेणूंना एकमेकांवरून सरकू देतात. पोह्यांना तेलाचा हात लावला की ते मोकळे होतात, तसेच काहीसे. या कामासाठी सर्वाधिक वापरली गेलेली संयुगे म्हणजे थॅलिक आम्लाची एस्टरे, अर्थात थॅलेट. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध डाय-इथिलहेक्झिल थॅलेट. यापुढे आपण त्याला डीईएचपी म्हणू.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. प्लास्टिसायझर हा प्लास्टिकच्या रेणूला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. तो नुसता मधे बसलेला असतो, म्हणून हळूहळू बाहेर पडतो. जुनी रेक्झिनची पिशवी कडक होऊन तडकते किंवा बागेची नळी काही वर्षांनी ताठर होते, यामागे हे एक कारण आहे. १९७० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जेगर आणि रुबिन यांनी प्लास्टिकच्या पिशवीत साठवलेल्या रक्तात थॅलेट उतरते हे दाखवून दिले. अशा पिशवीच्या वजनाचा ३० ते ४० टक्के भाग डीईएचपीचा असू शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे यात आश्चर्य वाटत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत काही थॅलेटांमुळे नर पिलांच्या जननेंद्रियांच्या वाढीत व्यत्यय येतो असे दिसले. त्यामुळे युरोपात १९९९ पासून लहान मुलांच्या खेळण्यांतील त्यांच्या वापरावर बंधने येऊ लागली.

आता तीन गल्लती. वर्गात आणि प्रदर्शनांत त्या नेहमी आढळतात.

एक : बाजारातली पातळ पिशवी, शेतातला मल्चिंगचा कागद आणि ठिबकची नळी ही प्रामुख्याने पॉलिथिनची असते. पॉलिथिन मुळातच नरम असल्यामुळे ते मऊ करण्यासाठी थॅलेटची गरज नसते. तेव्हा ‘थॅलेट खाणारा जीवाणू’ सापडला म्हणून शेतातला पॉलिथिनचा कागद नाहीसा होणार नाही.

दोन : विहिरीवरचा करड्या रंगाचा कडक पाइप पीव्हीसीचा असला तरी कडक असल्यामुळेच त्यात प्लास्टिसायझर नाममात्र असतो किंवा नसतोच. थॅलेट शोधायचे तर मऊ पीव्हीसीकडे पाहावे. विजेच्या तारेचे आवरण, पारदर्शक लवचीक नळी, रेक्झिन, स्वस्त चपला आणि दवाखान्यातील काही नळ्या ही त्याची उदाहरणे.

तीन : पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक म्हणजे पॉलिएथिलीन टेरेथॅलेट, अर्थात पीईटी. नावात ‘थॅलेट’ असले तरी तो नरमाई आणणारा द्रव नव्हे. तेथे टेरेथॅलिक आम्ल हा बहुवारिकाचाच घटक असतो आणि बंधाने पक्का जोडलेला असतो. नावातल्या साम्यावरून काम ओळखू नये, हा धडा रसायनशास्त्राच्या तासाला येथे आयता मिळतो.

जीवाणू खरोखर काय करतात

टीका करण्याआधी ज्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. जीवाणूंची थॅलेट पचवण्याची क्षमता खरी आहे आणि ती पाहण्यासारखीही आहे.

थॅलेटच्या रेणूत मध्यभागी बेंझीनचे कडे असते. त्याच्या शेजारशेजारच्या दोन कोपऱ्यांवर आम्लाचे गट आणि त्या गटांना अल्कोहोलच्या दोन शेपट्या जोडलेल्या असतात. जीवाणू हे काम टप्प्याटप्प्याने उरकतो. एस्टरेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, पाण्याच्या साहाय्याने एक शेपटी तोडते. उरते ते मोनोएस्टर. मग दुसरी शेपटी तुटते आणि थॅलिक आम्ल उरते. शेपट्या म्हणजे साधी अल्कोहोले असल्याने ती लवकर पचतात.

खरे अवघड काम पुढे असते. बेंझीनचे कडे फार स्थिर असते. ते फोडण्यासाठी डायऑक्सिजनेज नावाचे विकर हवेतल्या ऑक्सिजनचा अख्खा रेणू, म्हणजे त्याचे दोन्ही अणू, कड्याला जोडते. ग्रॅम-ऋण जीवाणू हे बहुधा कड्याच्या चौथ्या-पाचव्या जागी करतात, तर ग्रॅम-धन जीवाणू तिसऱ्या-चौथ्या. वाटा वेगळ्या असल्या तरी त्या प्रोटोकॅटेच्युएट या एकाच संयुगापाशी येऊन मिळतात. तेथे कडे फुटते आणि त्याचे तुकडे पेशीच्या नेहमीच्या ऊर्जाचक्रात शिरतात. शेवटी कार्बन डायॉक्साइड, पाणी आणि जीवाणूंची नवी पेशीद्रव्ये तयार होतात. ऱ्होडोकोकस, गॉर्डोनिया, आर्थ्रोबॅक्टर, स्यूडोमोनास, स्फिंगोमोनास अशा अनेक कुळांत ही क्षमता आढळली आहे. जेथे ऑक्सिजन नाही तेथेही काही जीवाणू थॅलिक आम्लाला को-एन्झाइम ए जोडून आणि त्यातला एक कार्बन डायॉक्साइड काढून ते बेंझॉइल को-एन्झाइम ए पर्यंत नेतात. ही वाट मात्र संथ असते.

या अभ्यासात आपल्याकडचा वाटाही आहे. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी मातीतून वेगळे काढलेले स्यूडोमोनास आणि असिनेटोबॅक्टर जीवाणू थॅलिक आम्लाच्या समघटकांचे विघटन कसे करतात, कोणत्या पायरीवर कोणते विकर काम करते, याचा तपशील २००६ साली प्रसिद्ध केला. हे काम ज्या संयमाने मांडले आहे तो नमुना म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे. त्यात पायऱ्या मोजल्या आहेत आणि मधली संयुगे ओळखली आहेत. हे विघटन थॅलिक आम्लाचे आहे, प्लास्टिकचे नव्हे. ‘मुंबईत प्लास्टिक खाणारा जीवाणू’ असा मथळा त्यावरून कोणी दिला, तर तो त्या कामावरच अन्याय ठरेल.

पहिला प्रश्न : ‘नाहीसे झाले’ म्हणजे काय झाले?

पुष्कळ शोधनिबंधांच्या सारांशात ‘अमुक दिवसांत ९५ टक्के विघटन’ असे वाक्य असते. प्रत्यक्षात मोजलेले असते ते एवढेच, की सुरुवातीला टाकलेले संयुग शेवटी किती उरले. ते कमी होण्याची कारणे निदान चार असू शकतात. ते जीवाणूंनी पचवले असेल. ते काचेला, प्लास्टिकच्या बुचाला किंवा खुद्द जीवाणूंच्या पेशींना चिकटले असेल. मोजणीसाठी ते द्रावणातून पुरते काढताच आले नसेल. किंवा त्याची फक्त पहिली शेपटी तुटली असेल.

हे शेवटचे कारण सर्वांत महत्त्वाचे. डीईएचपीची एक शेपटी तुटली की मूळ संयुग ‘नाहीसे’ होते, आणि यंत्रावरील त्याचा आलेखही सपाट होतो. पण तयार झालेले मोनोएस्टर निरुपद्रवी नसते. आपल्या आतड्यातही डीईएचपीचे हेच होते, आणि प्राण्यांमध्ये दिसलेल्या बऱ्याच दुष्परिणामांना हे मोनोएस्टरच कारणीभूत मानले जाते. म्हणजे आलेखावर शंभर टक्के यश दिसत असतानाच चंबूतल्या द्रवाचा उपद्रव तेवढाच राहिलेला असू शकतो.

एका जीवाणूला सगळ्या पायऱ्या येतातच असे नाही. २०१० साली चीनमधील संशोधकांनी सांडपाण्याच्या गाळातून मिळवलेल्या दोन जीवाणूंची जोडी वर्णन केली. त्यांतील गॉर्डोनिया डाय-ऑक्टिल थॅलेटच्या शेपट्या तोडून थॅलिक आम्लापर्यंत पोचतो आणि तेथेच थांबतो. आर्थ्रोबॅक्टर ते आम्ल पुढे पचवतो. दोघांनी मिळून काम पुरे होते, एकट्याने अर्धेच राहते. निसर्गात अशी वाटून घेतलेली कामेच अधिक असतात. ‘एक महान जीवाणू’ शोधण्याचा बातम्यांचा हव्यास म्हणून मुळातच फसवा आहे.

दुसरा प्रश्न : कोणते थॅलेट, आणि किती?

‘थॅलेट’ हे एका कुटुंबाचे नाव आहे. डायमेथिल थॅलेटच्या शेपट्या एकेका कार्बनच्या असतात आणि ते एक लिटर पाण्यात सुमारे ४ ग्रॅम विरघळते. डीईएचपीच्या शेपट्या आठ-आठ कार्बनच्या असतात आणि शुद्ध पाण्यात ते लिटरमागे जेमतेम काही मायक्रोग्रॅम विरघळते. पहिले जीवाणूंना सहज मिळते. दुसरे माती, गाळ आणि सेंद्रिय पदार्थ यांना घट्ट चिकटून बसते. डायमेथिल थॅलेटवरचा प्रयोग डीईएचपीला लावणे म्हणजे साखर विरघळते म्हणून मेणही विरघळेल, असे म्हणण्यासारखे आहे.

आता हिशेब करू. प्रयोगात पुष्कळदा लिटरमागे १००० मिलिग्रॅम डीईएचपी टाकतात. त्याची विद्राव्यता लिटरमागे ३ मायक्रोग्रॅम धरली, तर टाकलेले प्रमाण विद्राव्यतेच्या तीन लाखांहून अधिक पट होते. ते पाण्यात राहते ते साबणासारख्या द्रव्याच्या आणि सतत हलवण्याच्या जोरावर, बारीक थेंबांच्या रूपात. भुकेल्या जीवाणूपुढे असे ताट वाढून ठेवले तर तो जोमाने वाढणारच. शेतातली स्थिती याच्या नेमकी उलट असते. तेथे प्रदूषक अत्यल्प असते, मातीच्या कणांत दडलेले असते आणि जीवाणूला त्याच्यापर्यंत पोचताच येत नाही. ‘पचवता येणे’ आणि ‘मिळणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा प्रश्न : ऑक्सिजन कुठून येणार?

डीईएचपीच्या एका रेणूत २४ कार्बन, ३८ हायड्रोजन आणि ४ ऑक्सिजनचे अणू असतात. त्याचे पूर्ण ऑक्सिडीकरण व्हायचे तर साडेएकतीस ऑक्सिजन रेणू लागतात. दहावीच्या विद्यार्थ्यांकडून हे समीकरण फळ्यावर संतुलित करून घ्यावे. वजनात मांडले तर १ ग्रॅम डीईएचपीला सुमारे २.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. ३० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे एका ग्रॅमसाठी सुमारे ३४० लिटर पाण्यातला सगळाच्या सगळा ऑक्सिजन! पचवलेल्या अन्नाचा काही भाग पेशी बांधण्यात जातो, म्हणून प्रत्यक्ष गरज याहून थोडी कमी असेल. तरी अंदाज यायला आकडा पुरेसा आहे.

प्रयोगशाळेत चंबू हलवणारे यंत्र दिवसरात्र चालू असते, म्हणून ही अडचण दिसत नाही. वलगावच्या शिवारात असे यंत्र नाही. तिथली काळी माती बेसाल्टच्या झिजेतून झालेली, फुगणाऱ्या चिकणमातीची. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि तिची छिद्रे पाण्याने भरतात. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. त्यामुळे श्रावणात वितीभर खोलीवरचे जीवाणू गुदमरलेले असतात. उन्हाळ्यात हीच माती हात जाईल एवढ्या भेगा पडून उलते. हवा मुबलक मिळते, पण पाणीच नसल्याने जीवाणू निपचित पडून राहतात. ओल आणि हवा दोन्ही पुरेशी मिळण्याचे दिवस वर्षात मोजकेच. नदीच्या तळाचा काळा, वास मारणारा गाळ तर जवळजवळ ऑक्सिजनरहित असतो. डीईएचपी नेमके तेथेच जाऊन बसते, आणि तेथेच ते सर्वाधिक काळ टिकते.

म्हणून ‘पाच दिवसांत ९५ टक्के’ या आकड्यातले पाच दिवस चंबूचे आहेत. ते शेताला लावता येत नाहीत.

चौथा प्रश्न : शेजारी दुसरे अन्न असेल तर?

प्रयोगात प्रदूषक हेच एकमेव अन्न ठेवतात. जीवाणूंची निवड करण्यासाठी ते योग्यच आहे. पण शेणखत, पिकांचे अवशेष, सांडपाणी यांनी भरलेल्या मातीत सोपे अन्न भरपूर असते. बहुतेक जीवाणू ग्लुकोजसारखे सोपे अन्न समोर असेपर्यंत अवघड अन्न पचवणारी विकरे तयारच करत नाहीत. याला अपवाद आहेत. स्यूडोमोनासचा सीएसव्ही८६ हा वाण ग्लुकोज समोर असतानाही बेंझीनचे कडे असलेली काही संयुगे आधी संपवतो, असे मुंबई आयआयटीच्याच अभ्यासात २००६ साली दिसून आले. हा वाण नॅप्थलीनसारख्या संयुगांवर वाढणारा आहे. त्याचे थॅलेटशी थेट नाते नाही. पण तो अपवाद म्हणून गाजला, यावरूनच नियम काय आहे ते कळते.

बाहेरून आणून टाकलेल्या जीवाणूची अडचण आणखी वेगळी. एक ग्रॅम सुपीक मातीत कोट्यवधी जीवाणू आधीच मुरलेले असतात, आणि त्यांना खाणारे आदिजीवही तेथेच असतात. प्रयोगशाळेत लाडात वाढलेला पाहुणा तेथे बहुधा फार दिवस टिकत नाही.

इतिहासाची साक्ष

हे सगळे तर्क आहेत असे कोणाला वाटेल. म्हणून याआधी गाजलेल्या ‘तेल खाणाऱ्या’ जीवाणूचे काय झाले ते पाहू. आनंद मोहन चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत वेगवेगळ्या स्यूडोमोनासमधील प्लाझ्मिडे एकत्र आणून खनिज तेलाचे अनेक घटक पचवणारा जीवाणू तयार केला. १९७२ साली त्यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सजीवाच्या पेटंटच्या इतिहासातला तो मैलाचा दगड ठरला. मात्र तो जीवाणू समुद्रातली तेलगळती साफ करण्यासाठी कधी वापरला गेला नाही.

२४ मार्च १९८९ रोजी अलास्कात ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज फुटले, तेव्हा किनाऱ्यावर टाकले गेले ते नत्र आणि स्फुरद असलेले खत. तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. स्थानिक जीवाणूंना ते खाता येत होते, पण पेशी बांधायला नत्र-स्फुरद कमी पडत होते. खत मिळताच अनेक किनाऱ्यांवर त्यांनीच कामाचा वेग वाढवला. आणि तरीही वाळू-गोट्यांच्या थराखाली, जेथे ऑक्सिजन पोचत नव्हता तेथे, काही तेल दोन दशकांनंतरही टिकून होते. तात्पर्य असे, की अडचण जीवाणू नसण्याची कमी वेळा असते. परिस्थिती नसण्याची अडचण जास्त वेळा येते.

पाठ्यपुस्तकाविषयी थोडेसे

आपल्या राज्यात २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पीईटीचे विघटन करणाऱ्या आयडिओनेला साकाइएन्सिस या जीवाणूचा उल्लेख आला. २०१६ साली जपानमध्ये लागलेला शोध दोनच वर्षांत मराठी पुस्तकात यावा, ही कौतुकाचीच गोष्ट आहे. आमची तक्रार त्या उल्लेखाच्या त्रोटकपणाबद्दल आहे. मूळ प्रयोगात वापरलेले पीईटी ही बाटली नव्हती. ती मुद्दाम निवडलेली, जवळजवळ अस्फटिकी अशी पातळ फिल्म होती. ती ३० अंश तापमानाला सुमारे सहा आठवड्यांत विघटित झाली. बाटलीतले पीईटी बरेच अधिक स्फटिकी असते आणि विकराला तेथे शिरकाव मिळत नाही. ही दोन वाक्ये पुस्तकात नाहीत म्हणून शिक्षकाने ती सांगितली पाहिजेत. नाही सांगितली तर विद्यार्थी बरोबर नाव पाठ करून चुकीची समजूत घेऊन घरी जातो.

वर्गात काय करता येईल

थॅलेट हाताळण्याची शाळेत काहीच गरज नाही. मूळ मुद्दा दोन साध्या प्रयोगांनी पटवता येतो.

पहिला प्रयोग ‘नाहीसे होणे’ यावर. मिथिलीन ब्लूचे फिकट द्रावण करावे. एका नरसाळ्यात कापूस ठेवून त्यावर काळ्या मातीचा थर द्यावा आणि द्रावण त्यातून हळूहळू गाळावे. खाली येणाऱ्या पाण्यातला निळा रंग बराचसा गेलेला दिसेल. मग विचारावे, रंग कोणी खाल्ला? कोणीच नाही. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि मिथिलीन ब्लूच्या आयनावर धन, म्हणून तो मातीला चिकटला. हीच माती आधी प्रेशर कुकरमध्ये चांगली वाफवून पुन्हा प्रयोग केला तरी रंग जातो, म्हणजे त्यात जीवाणूंचा हात नाही. ‘मारलेल्या मातीचे नियंत्रण’ का लागते, हे यातून शब्दांवाचून कळते.

दुसरा प्रयोग ‘खरोखर पचणे’ यावर. तीन बरण्या घ्याव्यात. एकीत ओलसर माती व साखरेचे पाणी, दुसरीत नुसती ओलसर माती, तिसरीत वाफवलेली माती व उकळून थंड केलेले साखरेचे पाणी. प्रत्येकीत चुन्याच्या निवळीची लहान वाटी ठेवून झाकण घट्ट लावावे. पहिल्या बरणीतली निवळी आधी आणि जास्त दुधाळ होईल. पदार्थ कमी झाला एवढ्याने भागत नाही, त्यातला कार्बन बाहेर पडताना पकडावा लागतो. संशोधक हेच काम कार्बनच्या अणूंवर खूण करून अधिक काटेकोरपणे करतात.

यानंतर पुढची बातमी आली की ती वर्गात वाचावी आणि विद्यार्थ्यांनी तिला हेच प्रश्न विचारावेत : संयुग नेमके कोणते? किती प्रमाणात आणि कशात? फक्त मूळ संयुग मोजले की मधली संयुगेही? वाफवलेल्या नियंत्रणात किती कमी झाले? ऑक्सिजन, ओल आणि दुसरे अन्न यांची स्थिती काय होती? उत्तरे बातमीत नसतील तर ‘बातमीत नाहीत’ असेच लिहावे. विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षकांनीही थर्माकोलच्या डोंगरापेक्षा या उत्तरांना गुण द्यावेत, अशी आमची विनंती आहे. एखाद्या गटाने दावा केला नाही, पण नियंत्रण नीट ठेवले, तर तो गट बक्षिसाला अधिक पात्र आहे.

मग जीवाणूंचे स्थान काय?

ते मोठेच आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात हवा खेळवली जाते, तेथे जीवाणू लहान शेपट्यांची थॅलेटे चांगली पचवतात. लांब शेपट्यांची बरीचशी गाळात उतरतात, म्हणून तो गाळ शेतात टाकण्याआधी त्याची तपासणी हवी. ओलावा राखून, अधूनमधून परतून केलेल्या खताच्या ढिगात परिस्थिती चंबूच्या थोडी जवळ येते. पण हे सारे आधीच सुटलेल्या प्रदूषकाची विल्हेवाट लावण्याचे उपाय झाले. आवक चालू असताना नुसती जावक वाढवून हिशेब जुळत नाही.

आवक कमी करणे हे माणसांचे काम आहे, आणि ते होऊ शकते हे दिसलेही आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकाचे बंधन लागू झाले आणि त्या मानकात थॅलेटांवरही मर्यादा आहे. खेळण्यावर आयएसआयची खूण आहे की नाही हे पाहणे आठवीतल्या मुलीलाही जमते. तांबे काढण्यासाठी तारा जाळू नयेत, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि डायॉक्सिनेही तयार होऊ शकतात. हे गावातल्या भंगारवाल्याला समजावून सांगता येते. मऊ पीव्हीसी खताच्या खड्ड्यात जाऊ न देणे हे तर शाळेच्या आवारातच सुरू करता येईल.

पेढीकाठच्या मातीत थॅलेट पचवू शकणारे जीवाणू असतील, यात आम्हांला नवल वाटणार नाही. अशी क्षमता जगभरच्या मातीत आढळली आहे. त्यांना काम करू द्यायचे तर त्यांच्यापुढे त्यांना झेपेल एवढेच टाकले पाहिजे. ते किती, हे ठरवण्यासाठी मोजावे लागते, आणि मोजायला शिकवणे हे शाळेचे काम आहे.